सोसायटीसमोरून सायकल ट्रॅक येतोय, हरकत नेमकी कशी द्यायची?

मंडळी, जरा मदत हवी आहे. आम्ही पुण्यात राहतो, समोरच्या रस्त्यावर सायकल ट्रॅक होणार म्हणून गेल्या आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन आली, फुटपाथवर पिवळ्या पेंटने खुणा मारल्या आणि गेली, विचारलं तर म्हणे आम्ही फक्त मोजमापवाले. एक खूण बरोब्बर गुलमोहराच्या बुंध्यावर, दुसरी इस्त्रीवाल्या काकांच्या टपरीला लागून. काका रोज विचारतात, "ताई, मी कुठे जाऊ?"

मी ट्रॅकच्या विरोधात नाही हां, माझी मुलगी क्लासला सायकलनेच जाते. शहराचा सायकल आराखडा २०१७ पासूनचा आहे तेही माहितीये, पण आधीच्या ट्रॅकवर लावलेल्या बाईक आणि पाणीपुरीच्या गाड्या बघून धडकी भरते. सोसायटीतले काही जण तर फक्त पार्किंग जाणार म्हणून पेटलेत, व्हॉट्सॲपवर नुसता राडा चाललाय.

तर ड्रॉइंग बघायला माहिती अधिकारात अर्ज टाकू का? १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, एवढं माहितीये, पण तोपर्यंत खोदायलाच घेतलं तर? झाडासाठी १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली वेगळी हरकत द्यावी लागते का? आणि काकांची टपरी २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात बसते ना, की त्यांच्याकडे सर्टिफिकेट नसेल तर संपलंच? कोणी असं पत्र दिलं असेल तर मसुदा टाका प्लीज, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे.