मदत हवी आहे: गार्बेज डिस्पोजल स्वतः बसवला, आता पाणी आतच साचतंय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सिंकखालचा गार्बेज डिस्पोजल (खरकटं दळून पाइपात सोडणारं यंत्र) गेल्या आठवड्यात बुडातून गळायला लागला. पाइपाच्या जोडातून नाही, थेट यंत्राच्या तळातून, लाल रीसेट बटणाच्या बाजूने थेंब थेंब. तसं झालं की आतलं सील गेलेलं असतं आणि नवाच घ्यावा लागतो, असं कळलं. प्लंबरने नुसत्या बसवण्याचे ३०० डॉलर सांगितले. सांगलीला आमच्याकडे नळाचा वायसर गेला की बाबा स्वतः पान्हा घेऊन बसायचे आणि मी शेजारी टॉर्च धरून उभी असायचे. त्यामुळे हे आपल्याला जमेल असं वाटलं आणि शनिवारी काम काढलं.

जुना अर्ध्या एचपीचा होता. भाज्यांचा कचरा आमच्याकडे खूप निघतो म्हणून पाऊण एचपीचा आणला. आधी ब्रेकर पाडला, टेस्टरने वायरीत करंट नाही याची खात्री केली. जुना काढताना खाली रंगाचा डबा ठेवला होता, नाहीतर तो एकटीला पेलला नसता. सिंकच्या भोकातली जुनी फ्लॅंज (भोकाच्या काठावर बसणारी धातूची कॉलर) गंजली होती, तीही काढली. जुनी पुटी खरवडून साफ केली आणि नवी लावली (आपल्याकडे खिडकीच्या काचेला लांबी लावतात, साधारण तशीच). फ्लॅंज वरून दाबून बसवली, खालून गॅस्केट, कडं, मग ती स्नॅप रिंग. त्या रिंगने माझा पाऊण तास खाल्ला. वायरी काळीला काळी, पांढरीला पांढरी, अर्थिंग हिरव्या स्क्रूला. मोटर छान फिरते, आवाजही जुन्यापेक्षा कमी आहे.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: सिंकमधलं पाणी जातं, पण डिस्पोजलच्या आत पाणी राहतं. टॉर्च मारला की दिसतं. काल रात्री धुतलेल्या कोथिंबिरीच्या काड्या सकाळी आत तशाच तरंगत होत्या आणि वास यायला लागला होता. टेप लावून मोजलं. भिंतीत जाणाऱ्या पाइपाचा मध्य कॅबिनेटच्या तळापासून १४ इंचांवर आहे. नव्या डिस्पोजलच्या पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडाचा मध्य आहे सव्वातेरा इंचांवर. जुन्याचं तोंड पावणेपंधरावर होतं, त्याचा पाण्याचा डाग कॅबिनेटच्या बाजूला अजून दिसतो. म्हणजे नवा दीड इंच खाली उतरलाय. दुकानात वळणारा घड्यांचा प्लास्टिकचा पाइप मिळतो, तो लावून भागेल का?

दुसरी: सिंक काठोकाठ भरून सोडलं की फ्लॅंजजवळून एखाददुसरा थेंब पडतो. एरवी कोरडं असतं.

तिसरी: डिशवॉशरचं पाणी निचरत नाही. तळाशी चार बोटं साचलेलं असतं. डिस्पोजल बदलण्याआधी तो व्यवस्थित चालत होता.

आई २१ दिवसांनी येतेय, तीन महिन्यांसाठी. ती आली की स्वयंपाकघर दिवसभर चालू असतं, त्याआधी हे नीट व्हायला हवं. घर टाउनशिपच्या ड्रेनेज लाइनवर आहे, सेप्टिक टँक नाही.

शिकागोकर

ताई, तिसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. डिशवॉशरची नळी जिथे लावलीत, तिथलं नॉकआउट काढलंत का? नवीन डिस्पोजलमध्ये ते भोक आतून प्लास्टिकच्या चकतीने बंद असतं. ज्यांच्याकडे डिशवॉशर नाही त्यांच्यासाठी. ब्रेकर पाडा, नळी काढा, त्या तोंडात स्क्रूड्रायव्हर घालून हातोडीने ठोका. चकती आत पडेल. ती वरून चिमट्याने बाहेर काढायची, हात घालायचा नाही. आत राहिली तर मोटर अडकेल.

उंचीचं मात्र गंभीर आहे. डिस्पोजलचं तोंड भिंतीतल्या पाइपापेक्षा वर हवंच, नाहीतर पाणी चढणार कसं? घड्यांचा पाइप अजिबात लावू नका. उंचीचा फरक त्याने जात नाही, उलट प्रत्येक घडीत खरकटं आणि तूप अडकून बसतं. तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. भिंत फोडून आतला पाइप खाली घ्यायचा, त्याला प्लंबर लागेल आणि टाउनशिपच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला परवान्याचं विचारावं लागेल. किंवा डिस्पोजल बदलून असा घ्यायचा ज्याचं तोंड वर आहे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात सिंकच्या तळापासून तोंडापर्यंतचं माप दिलेलं असतं, ते बघूनच घ्या. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा रस्ता धरला असता. पाऊण एचपीचा हट्ट नको, चार माणसांच्या घराला अर्धा पुरतो.

एक विचारायचं राहिलं: वायर जिथून यंत्रात शिरते तिथे क्लॅम्प लावलाय ना?

पाटावरवंटा

थेंबाबद्दल लिहिते. सिंक भरल्यावरच गळतंय म्हणजे पुटी कमी पडली, किंवा फ्लॅंज खालून धरणारे तीन स्क्रू सारखे आवळले गेले नाहीत. आधी नक्की कुठून येतंय ते पाहा. सगळं कोरडं पुसा, सिंक भरा आणि टिश्यूचा तुकडा फ्लॅंजभोवती, डिशवॉशरच्या नळीला, पाणी बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या गॅस्केटला असा एकेक ठिकाणी लावा. जिथे ओला होईल ती जागा. फ्लॅंजच असेल तर सगळं सोडवून पुटीची करंगळीएवढी जाड वळी करा आणि पूर्ण गोल लावा. स्क्रू एकदम एकच आवळायचा नाही, तिन्ही थोडे थोडे. पुटी कडेने बाहेर आली पाहिजे, तेवढी पुसून टाकायची. सिंक स्टीलचं आहे ना? ग्रॅनाइटचं असेल तर पुटी नको, दगडाला तेलकट डाग पडतो. तिथे सिलिकॉन.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा: शेवग्याच्या शेंगांचे चोथे, कणसाची पानं, केळीची सालं यात नको. आत पाती नसतात. फिरणाऱ्या तबकडीवर दोन हलते ठोकळे असतात, ते कचरा कडेच्या दातेरी कड्यावर फेकतात आणि तिथे तो किसला जातो. दोऱ्यासारखं काही असलं की ते ठोकळ्यांना गुंडाळतं. उरलेला भात पाइपात फुगतो. तूप, तेल तर नाहीच. चालवताना पाणी थंडच सोडायचं. गरम पाण्याने तूप पातळ होऊन पुढे जातं आणि पाइपात जाऊन थिजतं.

कृष्णाकाठ

दोघांचे मनापासून आभार. शिकागोकर, चकती होती! ठोकल्यावर आत पडली, चिमट्याने काढली, रुपयाच्या नाण्याएवढी. डिशवॉशर पूर्ण रिकामा झाला. क्लॅम्पही लावलेला आहे, टॉर्च मारून पुन्हा बघितलं.

पाटावरवंटा, सिंक स्टीलचंच आहे. टिश्यू फ्लॅंजपाशीच ओला झाला. स्क्रू सोडवले तेव्हा दिसलं की मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नव्हता तिथे, पुटी जवळजवळ नव्हतीच. आता वळी करून पूर्ण गोल लावली आणि सिंक भरून दोन तास ठेवलं. खालचा पेपर कोरडा आहे.

त्याच कंपनीचा, त्याच माउंटचा (सिंकला अडकवायच्या जोडणीचा) अर्ध्या एचपीचा डिस्पोजल आज मोजून आणला. माउंट एकच असल्याने फ्लॅंजला पुन्हा हात लावायचा नाही, फक्त खालचं धड बदलायचं. याचं तोंड जुन्याच्याच उंचीवर येतं. पण जुना कोपर-पाइप मी शनिवारी अर्धा इंच कापून टाकलाय आणि आता तो ट्रॅपपर्यंत (सिंकखालच्या वळणाच्या पाइपापर्यंत) कमी पडेल असं दिसतंय. दीड इंच व्यासाची एक्स्टेन्शन नळी नटाने जोडून चालेल, की कोपर नवाच घेऊ? उद्या सकाळी दुकानात जायचंय.