गावात फुटबॉलची निष्ठा टिकते कशानं? (अनुभव धागा)

विश्वचषकाच्या महिन्यात मेस्सीचं नाव पाठीवर असलेले टी-शर्ट आपल्या खेड्यांतही दिसतात. पुढं मैदानात गाजर गवत माजतं. ज्यांच्या गावात खेळ टिकला त्यांनी लिहावं. आपबीती नको, दुसऱ्या गावाला उद्या वापरता येईल असं लिहा.

दर्यापूर तालुका, मैदानाचं काम
काळ्या जमिनीवर निष्ठेची खरी परीक्षा मैदानच घेतं. पावसाळ्यात चिखल बुटाला धरतो, दिवाळीनंतर त्याच जागी पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडतात. वरून माती लोटून त्या बुजत नाहीत. आत बारीक मुरूम कोंबा, पाणी मारा, वाफसा आला की रोलर फिरवा. ओल्यात फिरवला तर माती रोलरलाच चिकटून निघते. मैदान मधोमध किंचित उंच, भोवती फूटभर खोल चर.

रेषा मारायची फक्की खडूच्या पुडीचीच. कळीच्या चुन्याला ओल लागली की कातडी आणि डोळे भाजतात. कोपरे काटकोनात आणायला दोरीचा ३, ४, ५ मीटरचा त्रिकोण पुरतो. लोखंडी गोलपोस्टचे पाय गाडा, नाहीतर मागच्या दांड्यावर वाळूची पोती ठेवा. पोट्टे वरच्या दांड्याला लोंबकळतात आणि अख्खा सांगाडा अंगावर येतो. धुऱ्यावर बाभूळ असेल तर सरावाआधी खराटा मारायचाच. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे, खराट्याची लाज कसली?

वणी
चेंडूपुरतं लिहितो. मोठ्यांना पाच नंबर (४१० ते ४५० ग्रॅम), बारा वर्षांखालच्यांना चार नंबर. नियमात हवेचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय (पंपाच्या मीटरवरचा आकडा), कडक जमिनीवर नऊ-दहा पुरे. पंपाची पिन ओली करून सरळ घाला, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. मे महिन्यात चेंडू टिनाखाली ठेवू नका, आतली हवा फुगून शिवण उसवते.

तिवसा, गुरुकुंज मोझरीच्या जवळून
तुकडोजी महाराजांच्या आश्रमातली सामुदायिक प्रार्थना माणसं मोजून सुरू होत नाही, वेळ झाली की होते. सरावाचंही तसंच ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात असतात. चौघं आले तर तिघांनी पास फिरवायचा, चौथ्यानं हिसकायचा. एकच स्पर्श, दोन्ही पाय. "आज कमी आहेत, राहू द्या" असं एकदा झालं की आलेल्यांचाही भरवसा उडतो. उन्हाळ्यात सराव पहाटे साडेपाचला. एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ वाढलं तर उलटा त्रास.

आर्वी
संघावरची निष्ठा पाहायची तर लंडनचा विम्बल्डन हा फुटबॉल क्लब पाहा. २००२ मध्ये क्लब दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावानं स्वतःचा क्लब काढला, खुल्या मैदानावर निवड चाचणी घेतली आणि इंग्लंडमधल्या स्पर्धांच्या नवव्या स्तरापासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो वर फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे पहिल्या चार स्तरांत, पोचला. मधली नऊ वर्षं लहान मैदानांवर तिकीट काढून जाणारे लोक, ही माझ्या मते भक्ती. आपल्याकडे जिंकणारा क्लब पाहून टी-शर्ट बदलतात, ते मनाला लागतं.

मूर्तिजापूर
चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला लागते. ओलिताला रात्रीची लाइन (वीज) असेल त्यांनी मोटारीजवळ बसून खुशाल पाहावी. पहाटे सराव असणाऱ्या पोरांना मात्र झोपू द्या, गोल सकाळीही पाहता येतात.