ऑम्नीडायरेक्शनल ट्रेडमिलला मराठीत काय म्हणाल?

हरवलेला अनुस्वार: एका गेमिंग पार्लरची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. त्यांनी नवं यंत्र आणलंय. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि जागच्या जागी हवं तिकडे वळत चालायचं, पळायचं; खेळातला माणूस तसाच चालतो. मी लिहिलं 'सर्वदिशा चालपट्टा'. गिऱ्हाइकाचा लाल शेरा आला: "हे काय? सोपं मराठी लिहा." खाली त्यांचाच पर्याय, 'मुक्तसंचार यंत्र'. मला मुक्त संचार म्हटलं की जुन्नरचा बिबट्या दिसतो. काय करू?

खडूस आजोबा: बिबट्या परवडला. 'मोकाट चालणे' नाही सुचवलं हे नशीब. बाकी 'सर्वदिशा'ही चूकच. दिशा दहा. यंत्रावर ऊर्ध्व आणि अधर कुठून आणणार? अष्टदिशा म्हणा.

चहा_कटिंग: ट्रेडमिलच ठेवा हो. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी ट्रेडमिल टेस्ट सांगितली, त्या पहिल्याच फटक्यात समजल्या. चालपट्टा चाचणी म्हटलं असतं तर वाटलं असतं तलवारबाजी आहे.

खडूस आजोबा: महापौर शब्दालाही लोक असेच हसले असतील. सावरकरांनी दिला म्हणून आज मेयर म्हणावं लागत नाही.

चहा_कटिंग: आणि दूरध्वनी? तो लेटरहेडवर राहिला, तोंडात फोनच. शब्द रुजतो तो रुजतो.

निळी छत्री: यंत्र कुठलं ते आधी सांगा. व्हर्टुइक्स ओम्नीच्या जातीचं (त्यांचं २०१३चं किकस्टार्टर गाजलं होतं) असेल तर त्यात पट्टा नसतोच! मी एकदा चढलेय. खाली मोठी गुळगुळीत परात, कडेने उचललेली. पायात घसरणारे बूट, कमरेला कडं. पुढे टाकलेला पाय आपोआप उताराने मध्यभागी घसरत येतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना आपण जसे अंग आखडून पाय टाकतो ना, पहिली पाच मिनिटं तसंच. मग कड्यावर थोडा भार टाकून पुढे झुकायचं कळलं, तेव्हा जमलं. दुसऱ्या दिवशी नडग्या भरून आल्या. त्याला चालणं म्हणायचं की घसरणं, हाही प्रश्नच आहे.

हरवलेला अनुस्वार: अरे देवा. फोटोत परातच आहे.

चहा_कटिंग: 'परातचाल'. संपला विषय.

निळी छत्री: पट्ट्यांचीही असतात. इन्फिनाडेकमध्ये मोठ्या पट्ट्यावर आडवे छोटे पट्टे बसवलेले असतात; मोठा पुढेमागे सरकतो, छोटे डावी-उजवीकडे. तिथे 'चालपट्टा' शोभेल. डिस्नेने २०२४ साली दाखवलेल्या होलोटाइलला मात्र तोही चालणार नाही, त्यात जमीनभर बारक्या फिरत्या चकत्या आहेत.

रेवदंडेकर: एवढं डोकं कशाला खाजवताय? आपल्याकडे पायरहाट होता की! आमच्या वाडीत विहिरीवर होता. आजोबा पहाटे पायाने रहाट फिरवायचे, माळेवरची गाडगी भरून वर यायची आणि सुपारीला पाणी जायचं. माणूस तिथेच, पाय चालू. ट्रेडमिल हीच.

खडूस आजोबा: वा! शिवाय ट्रेडमिलमधल्या 'मिल'चा अर्थ गिरणी, हे कोणी लक्षातच घेत नाही. विल्यम क्युबिटने १८१८ मध्ये ती इंग्लंडच्या तुरुंगांसाठी काढली. कैदी फिरत्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचे. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात तर त्यावर धान्य दळत. म्हणजे नेमका शब्द 'पायचक्की'. जेलात चक्की पिसणे!

चहा_कटिंग: तासाचे पैसे मोजून पायचक्कीला कोण येणार, आजोबा?

निळी छत्री: पायरहाटावर माणूस बसलेला असतो ना पण? बसून पायाने दांडे ढकलायचे. ते चालणं कसं?

रेवदंडेकर: आमचे आजोबा उभे असत.

निळी छत्री: मग तो पायरहाट नसावा.

रेवदंडेकर: तुम्ही आमच्या विहिरीवर आला होतात का?

एनसीसी_८९: मला वाटतं 'कदमताल यंत्र'. शब्द हिंदी कवायतीतला खरा, पण जाग्यावर पाय हलवणं म्हणजे कदमतालच. आम्हाला उशीर झाला की उन्हात पाव तास तेच करायला लावत.

खडूस आजोबा: हिंदी नको.

एनसीसी_८९: कदम अरबी, ताल संस्कृत. हिंदीने नुसती सोयरीक जुळवली. आणि 'कदम' नको असेल तर आडनावाच्या निम्म्या कदमांना काय सांगू?

खडूस आजोबा: आडनाव कदंबांवरून आलंय. विषयांतर करू नका.

हरवलेला अनुस्वार: मंडळी, सोमवारी मजकूर द्यायचा होता. 'ऑम्नी ट्रेडमिल' लिहून पाठवला. खाली बारीक टायपात 'हवं तिकडे चाला'. गिऱ्हाईक खूश. 'बूट तिथेच मिळतील' ही ओळ त्यांना सगळ्यात आवडली.

चहा_कटिंग: बघा.

रेवदंडेकर: ते असू दे. आत्ताच आत्याला फोन लावला. ती म्हणते आजोबा उभे असायचे ते लाटेवर, लांब वाशाला डबा बांधलेला असे त्या. पायरहाट शेजारच्यांचा होता.

निळी छत्री: आणि शेजारी बसून चालवायचे?

रेवदंडेकर: विचारतो.