मदत हवी आहे: बाबांच्या नसांच्या गोळीचं जेनेरिक आणलं, पण आत तेच औषध आहे का?

नमस्कार मंडळी,

बाबा ७२ वर्षांचे, जुना मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. तळपायांची अशी आग व्हायची की रात्री गार फरशीवर पाय टेकवून बसायचे. डॉक्टरांनी झोपताना एक कॅप्सूल दिली, दोन महिन्यांत बराच फरक पडला. पण स्ट्रिप महाग. म्हणून या वेळी मी शहाणपणा केला आणि जनऔषधी केंद्रात जाऊन "याचं जेनेरिक द्या" म्हटलं.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "झोप उडालीय रे, नकली तर नाही ना?" आईने निकालच लावला: "स्वस्तातलं ते, असंच असणार."

मग मोबाइलचा टॉर्च मारून दोन्ही स्ट्रिपांमागची बारीक अक्षरं वाचली. जुनीवर: प्रीगॅबालिन ७५ मिग्रॅ, नॉरट्रिप्टिलीन १० मिग्रॅ, मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम. नवीवर: प्रीगॅबालिन ७५. बस्स. म्हणजे नकली नाही, तिघांतलं एकच घरी आलं!

त्यात गेल्या वर्षी कंबरेसाठी मिळालेली गॅबापेंटिन ३०० ची अर्धी स्ट्रिप डब्यात पडून होती. "तीही नसांचीच, जोडीला घेतो," असं बाबांचं चाललंय. डबा मी माळ्यावर टाकलाय. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.७. तोवर काय करू?

प्रतिसाद: औषधांच्या काउंटरवर आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. डबा माळ्यावरच राहू दे. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन सख्खी भावंडं, काम एकाच ठिकाणी करतात. दोन्ही मूत्रपिंडावाटे जशीच्या तशी बाहेर पडतात, म्हणून डोस क्रिएटिनिन बघून ठरतो. दोन्ही एकदम घेतली तर गुंगी येऊन बाथरूममध्ये पडतील. प्रीगॅबालिनही मनाने बंद करू नका, ते हळूहळू उतरवतात.

नॉरट्रिप्टिलीन मूळचं नैराश्याचं औषध, कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यावर देतात. त्याने गुंगी येते, म्हणून ते सुटल्यावर झोप उडाली असेल. पण प्रोस्टेटवाल्यांची लघवी त्याने अडू शकते, तेव्हा परत सुरू करण्याआधी विचाराच. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२, मेटफॉर्मिनने ते कमी होतं.

आणि आईंना सांगा, प्रीगॅबालिनचा मूळ ब्रँड फायझरचा लिरिका, अमेरिकेत २००४ साली मंजूर झालेला. आपल्या दुकानांतले बाकीचे 'ब्रँड' जेनेरिकच, फक्त बारसं झालेले.

धागाकर्ता: आभार काका! डॉक्टर आज फोनवर भेटले. नॉरट्रिप्टिलीन नको म्हणाले, प्रीगॅबालिन आहे तेवढंच ठेवा, बी-१२ आणि क्रिएटिनिन तपासून या. बारशाचं आईला वाचून दाखवलं, तरी ती नवी स्ट्रिप देवापुढे ठेवूनच बाबांना देते. आता एवढंच सांगा, नुसती मिथाइलकोबालामिनची गोळी जनऔषधीत मिळते का?