सालो बॅरन यांच्या कारकिर्दीवर बोलायचे आहे; मदत हवी

टिळकवाडीचा वाचक (बेळगाव)

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात ज्यू इतिहासाचे अभ्यासक सालो विटमायर बॅरन यांच्यावर मला तासभर बोलायचे आहे. जन्म १८९५ साली तार्नुव येथे, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील आणि आजच्या पोलंडमधील गावी. व्हिएन्ना विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि कायदा या तीन विषयांतील डॉक्टरेट. आणि १९३० पासून १९६३ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन, एवढे टिपण तयार आहे. अडचण पुढे येते. ज्यूंचा इतिहास म्हणजे निव्वळ छळाची आणि अश्रूंची कहाणी, या समजुतीला त्यांनी १९२८ सालच्या एका लेखात विरोध केला. पुढे त्यांचे आईवडील आणि बहीण नाझी राजवटीत मारले गेले. ज्याच्या घरावर असा घाला पडला त्याने ती भूमिका कशी टिकवली, हे श्रोत्यांना कसे सांगावे?

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर, मी इतिहास शिकवते म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बॅरन यांनी छळ नाकारला, असा समज श्रोत्यांचा होऊ देऊ नका. त्यांचा आक्षेप मांडणीवर होता. त्यांच्याआधीच्या पिढीतील हाइनरिख ग्रेट्स यांनी अकरा खंडांत जो इतिहास लिहिला, त्याचा कणा विद्वत्ता आणि यातना हा होता. बॅरन यांनी विचारले की मध्ययुगातला ज्यू माणूस ज्यांच्या शेजारी राहत होता, त्या वेठबिगार शेतकऱ्याची स्थिती काय होती? ज्यूंवर बंधने होती, परंतु त्यांच्या समाजाला स्वतःची न्यायालये होती, कर गोळा करण्याची आणि शाळा चालवण्याची स्वायत्तता होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर नागरिकत्व मिळाले, तेव्हा व्यक्तीला हक्क लाभले आणि ही सामुदायिक सत्ता गेली. काय मिळाले याबरोबर काय गमावले हेही मोजायला हवे, हा त्यांचा आग्रह होता.

हीच दृष्टी त्यांच्या थोरल्या ग्रंथात आहे. ज्यूंच्या सामाजिक आणि धार्मिक इतिहासाची पहिली आवृत्ती १९३७ साली तीन खंडांत निघाली; दुसरी १९५२ पासून १९८३ पर्यंत अठरा खंडांपर्यंत गेली आणि तरीही अपुरी राहिली. कोलंबियातील त्यांचे अध्यासन इतिहास विभागात असावे, असा त्यांचा हट्ट होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे ज्यूंचा इतिहास धर्मशास्त्राच्या ओसरीवरून उठून जगाच्या इतिहासाच्या माजघरात येऊन बसला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेम येथे, ज्यूंच्या संहाराची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइकमन याच्यावरील खटल्यात बॅरन यांनी साक्ष दिली. युद्धापूर्वी तार्नुवमध्ये वीस हजार ज्यू होते, हिटलरनंतर वीसपेक्षा अधिक उरले नाहीत, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. पण त्याच साक्षीत युद्धापूर्वीच्या युरोपातील ज्यूंचे भरलेले जीवनही त्यांनी उभे केले. जे नष्ट झाले ते किती जिवंत होते हे कळल्याखेरीज हानी कळत नाही. माझ्या मते तुमचे उत्तर इथेच आहे.

निपाणीकर

ताईंचे म्हणणे पटले, आणि ते मला आपल्याच दारात आणून सोडते. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरात मी वाढलो. १९५६ साली सीमाभागावर अन्याय झाला, हे मी आजही मानतो. तरीही आपला इतिहास आपण त्या एका तारखेपासून सुरू करतो, याचे मला दुःख होते. आजोबांच्या तंबाखूच्या वखारीतील एक कीर्द माझ्याकडे आहे. जमाखर्च मोडीत, काही शेतकऱ्यांच्या सह्या कानडीत, आणि एका पानाच्या कडेला कोणाच्या तरी लग्नाला दिलेल्या आहेराची नोंद. बॅरन यांनी १९४२ साली ज्यू समाजसंस्थांवर तीन खंड लिहिले, ते समाजाने स्वतःचा कारभार कसा चालवला हे सांगण्यासाठी. आपल्या वखारींच्या, देवस्थानांच्या, वाचनालयांच्या वह्या तशा कोणी वाचल्या आहेत का?

शहापूरची लेक (सध्या अलिबाग)

एक जोड देते. मराठी श्रोत्यांसमोर बोलताना कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाला विसरू नका. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना येथे शनिवार तेली म्हणत, त्या समाजातील हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापून आला तेल अवीवला, १९३७ साली, म्हणजे बॅरन यांचे पहिले तीन खंड निघाले त्याच वर्षी. केहिमकरांच्या हाती विद्यापीठाचे अध्यासन नव्हते. पण सण, आडनावे, नवस आणि मराठी कीर्तने हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत, हे या समाजाकडे पाहून कळते. आडनावे तर गावांवरूनच पडलेली: दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर. आपल्याकडच्या श्रोत्यांना ती ऐकताच जवळीक वाटेल.

टिळकवाडीचा वाचक (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. मी व्याख्यानाची सुरुवात तीन पदव्यांनी करणार होतो. ती आता तार्नुवच्या वीस हजार माणसांनी करतो, आणि ती काय करत होती, कोणत्या भाषा बोलत होती, हे आधी सांगतो. निपाणीकर, तुमची कीर्द त्या दिवशी घेऊन याल का? मोडी वाचणारे एक काका मंडळात आहेत. लग्नाच्या आहेराचे ते पान त्यांनी श्रोत्यांसमोर वाचून दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे.