कटल्याचे डोके लहान, ओठ मात्र रोहूसारखे: हा संकर समजावा काय?

माढ्याचा तळेकरी:
नमस्कार. माढा तालुक्यात माझे अर्ध्या एकराचे शेततळे असून, गेल्या पावसाळ्यात कटला म्हणून विकत घेतलेली बोटुकली (बोटाएवढी पिले) मी त्यात सोडली होती. परवा जाळे ओढले तेव्हा दर दहा माशांमागे दोन-तीन मासे वेगळेच दिसले. तोंड कटल्यासारखे वर वळलेले असले तरी तितके नाही, डोके अंगाच्या मानाने लहान, खवल्यांच्या कडांना तांबूस झाक आणि खालचा ओठ बोटाने उलटून पाहिला तर त्याला बारीक झालर. शुद्ध कटल्याचा ओठ असा नसतो, एवढे मला ठाऊक आहे. हा रोहूशी झालेला संकर असावा काय? शिवाय यांतले मोठे मासे पुढील हंगामात प्रजननासाठी राखून ठेवण्याचा माझा विचार होता, तो योग्य ठरेल काय?

मत्स्य पदवीधर, रत्नागिरी:
आपण ओठ उलटून पाहिलात हे उत्तम केलेत, कारण बहुतेक जण केवळ डोक्याकडे पाहून निर्णय देतात. कटल्याला मिशा नसतात. रोहूला ओठांच्या कोपऱ्यात दडलेली मिशांची बारीक जोडी असते, तीही तपासावी. आपण सांगितलेली लक्षणे कटला-रोहू संकराशी जुळतात. नदीत पुराच्या पाण्यात या जाती अंडी घालतात तेव्हाही क्वचित असे घडते, पण संवर्धन केंद्राच्या गोल हौदात ते फार सहज घडते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी 1957 साली ओडिशात मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यानंतर बीजासाठी नदीवर विसंबण्याची गरज उरली नाही. मात्र इंजेक्शनने एकाच रात्री दोन जातींच्या माद्या तयार करता येतात, तशी दोन जातींचे नर-मादी एकाच हौदात सोडण्याची सवयही लागली. अंडी व शुक्र दोन्ही पाण्यातच मिसळतात. तेथे कोणाचे कोणाशी जुळले याला काही धरबंध राहत नाही. त्यात कटला प्रजननाला हट्टी, रोहू मात्र सोपा. कटल्याचा नर अपुरा पडला की कटल्याची अंडी रोहूच्या शुक्राने फळतात.

सोलापूरचा मासळी व्यापारी:
माझा अनुभव थोडा निराळा आहे. कटल्याचे डोके एवढे मोठे असते की गिऱ्हाईक वजन करताना कुरकुर करते. या मिश्र माशाचे डोके लहान, मांस अधिक, आणि वाढही कमी नाही. विकणाऱ्याने कटला म्हणून पैसे घेतले ही लबाडी खरी, परंतु माशाला नावे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

जनुकशास्त्राची विद्यार्थिनी:
व्यापारी दादांचे म्हणणे ताटापुरते बरोबर आहे, पण प्रश्न ताटाचा नसून पुढच्या पिढीचा आहे. घोड्याची गुणसूत्रे 64 आणि गाढवाची 62, म्हणून त्यांचे खेचर वांझ निघते. कटला, रोहू आणि मृगळ या तिघांचीही गुणसूत्रे 50 आहेत. कटल्याला स्वतंत्र प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) न मानता रोहूच्याच लेबिओ प्रजातीत घालणारे अभ्यासक आहेत, यावरून त्यांचे नाते किती जवळचे ते समजावे. त्यामुळे हा संकर प्रजननक्षम असतो, आणि खरी अडचण तीच आहे. पहिल्या पिढीतला मासा मधलाच दिसतो, म्हणून तो आपल्या डोळ्यांना सापडला. हाच मासा शुद्ध कटल्याशी जुळला, आणि त्याची पिले पुन्हा कटल्याशी, तर दोन-तीन पिढ्यांत जो मासा तयार होतो तो दिसायला कटलाच, परंतु त्याच्या आत रोहूचे तुकडे शिल्लक असतात. तो जाळ्यात ओळखणे अशक्य. प्रयोगशाळेतही केवळ मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए तपासून भागत नाही, कारण तो आईकडूनच येतो. बाप रोहू असला तरी अहवाल कटला असाच येईल. पेशीच्या केंद्रकातील, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेल्या, डीएनएच्या खुणा तपासाव्या लागतात.

भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यसंवर्धन संस्थेने निवड पद्धतीने वाढवलेला ‘जयंती रोहू’ 1997 साली दिला. पिढ्यान्‌पिढ्या वेचून जमवलेले असे गुण एका निष्काळजी हौदात पातळ होऊ शकतात.

थोडे विषयांतर: पुण्याच्या मुळा-मुठेतून साइक्स यांनी 1839 मध्ये वर्णन केलेला टोर खुद्री, म्हणजे आपला महाशीर, लोणावळ्याला वाढवून दूर कावेरीत सोडला गेला. तेथे मूळच्या कुबडवाल्या महाशीराची संख्या घटत गेली. त्याची जात वेगळी, टोर रेमादेवी, असल्याचे 2018 मध्ये स्पष्ट झाले. बाहेरचा महाशीर सोडताना मात्र या फरकाकडे कोणी पाहिले नव्हते. जवळच्या जाती एकत्र करण्याआधी त्यांतले अंतर मोजून घ्यावे, एवढेच मला सुचवायचे आहे.

माढ्याचा तळेकरी:
आपणा सर्वांचे आभार. आज सकाळी पुन्हा सहा मासे पाहिले. चौघांच्या ओठांच्या कोपऱ्यात मिशा सापडल्या, दोघांच्या नाहीत. पण ताईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या दोघांचाही भरवसा धरता येत नाही. प्रजननासाठी यातला एकही मासा राखणार नाही, सगळे बाजाराला जातील. सोलापूरच्या व्यापारी दादांना हवे असल्यास पहिला मान त्यांचा. फक्त पावतीवर ‘कटला’ असे लिहू नये.