हरलेला डाव प्रोग्राम लक्षात कसा ठेवतो?

अडीचघर:
मी संगणकावर दोन बुद्धिबळ प्रोग्रामांचे सामने लावतो. त्यांतला एक काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ओपनिंग बुकमधून (सुरुवातीच्या तयार चालींच्या संग्रहातून) कॅरो-कान बचावाच्या त्याच फाट्यावर वारंवार जातो आणि जवळपास त्याच रीतीने हरतो. प्रोग्रामला पराभव नोंदवून ठेवता येतो का, आणि येत असल्यास दोष नेमका कोणत्या चालीचा, हे तो कसे ठरवतो?

पटस्थिती:
आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग खरा अवघड आहे. चाळिसाव्या चालीला मात झाली म्हणून एकोणचाळिसावी चाल टाळून उपयोग नसतो. तोवर डाव गेलेलाच असतो. रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टी या प्रोग्रामात यावर दोन उपाय होते. बुक संपल्यानंतरच्या पहिल्या काही चालींत आपले मूल्यमापन (स्थिती किती अनुकूल याचा आकडा) कसे बदलत गेले हे तो पाहत असे, आणि ते घसरले असेल तर आलेल्या वाटेने मागे जाऊन, जिथे बुकमध्ये दुसरी चाल उपलब्ध होती तिथे खेळलेल्या चालीचे गुण कमी करत असे. केवळ निकालावर विसंबून न राहण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तम ओपनिंगनंतरही अंतिम टप्प्यात डाव हरता येतो आणि मग शिक्षा निर्दोष चालीला होते. दुसरा उपाय बुकबाहेरच्या स्थितींसाठी होता. मूल्यमापन अचानक कोसळले की ती स्थिती, तिचे गुण आणि शोधाची खोली फाइलमध्ये लिहिली जाई व पुढच्या डावात हॅश टेबलमध्ये (तपासलेल्या स्थितींच्या स्मरणतक्त्यात) भरली जाई. त्यामुळे पुढच्या वेळी ते संकट काही चाली आधीच शोधाच्या टप्प्यात येई. तरीही टळले नाही, तर त्याहून आधीची स्थिती नोंदली जाई आणि इशारा असा मूळ चुकीकडे मागे सरकत जाई.

तिरका उंट:
याहून वेगळा मार्ग नाइटकॅप या बुद्धिबळ प्रोग्रामचा. त्यात विशिष्ट डाव साठवला जात नव्हता, तर प्रत्येक डावानंतर मूल्यमापनातले भारांक (कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे याचे आकडे) थोडे बदलले जात होते, त्यामुळे शिकलेले पूर्वी न आलेल्या स्थितींनाही लागू पडे. इंटरनेट सर्व्हरवरच्या 308 डावांत त्याचे रेटिंग सुमारे 1650 वरून 2150 वर गेले. त्याच्या कर्त्यांना स्वतःशीच खेळण्यापेक्षा निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळणे अधिक उपयोगी ठरल्याचे आढळले. पुढे 2017 मध्ये अल्फाझीरो हा प्रोग्राम मात्र केवळ स्वतःशी खेळून शिकला. अर्थात त्यामागचे डाव कोट्यवधी होते.

अडीचघर:
आभारी आहे. माझा प्रोग्राम स्टॉकफिश आहे आणि बुक पॉलिग्लॉट या फाइल-स्वरूपातले आहे. त्यात काय करता येईल?

पटस्थिती:
स्टॉकफिश आधीचे डाव स्मरणात ठेवत नाही, म्हणून दुरुस्ती बुकमध्येच करावी लागेल. पॉलिग्लॉटच्या प्रत्येक नोंदीत चालीचा भारांक (ती किती वेळा निवडली जावी हे ठरवणारा आकडा) असतो. डावांवरून बुक बनवताना तो सर्वसाधारणपणे विजयाला दोन आणि बरोबरीला एक या हिशेबाने ठरतो. आधी हरलेल्या डावांत मूल्यमापन कुठे घसरले ते तपासा, तिथून मागे येत काळ्याला बुकमध्ये पर्याय असलेली शेवटची जागा शोधा आणि फक्त तिथल्या चालीचा भारांक शून्य करा. कॅरो-कान पूर्ण काढून टाकू नका.